शेळ्यांची वाट

“हेही नको.”

मृदुलानं दुसरं जीपीएस यंत्रही काउंटरवर ठेवलं. टेकडीमागची शेळ्यांची वाट याच्या नकाशातही नव्हती.

“अहो मॅडम, रस्ते तर सगळे आहेत!” दुकानदार वैतागला.

“रस्त्यानं मी डोळे मिटून जाईन. आडवाटेला पुढे यशवंत असायचे.”

नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून तिची सायकल भिंतीलाच टेकलेली होती. वीस वर्षं ती त्यांच्या मागच्या चाकावर नजर ठेवून गेली. वाट लक्षात ठेवायची वेळच आली नाही. त्या वाटेवरच्या चढाच्या वळणावर मात्र ती दर वेळी उतरायची. “तुम्ही व्हा पुढे, मी जरा दगड बघते.” भूगर्भशास्त्राच्या शिक्षिकेला ते शोभायचंही.

“याचे नकाशे सायकलवालेच भरतात,” दुकानदारानं तिसरं यंत्र पुढे केलं.

वाट होती. वळणावर एक ठिपका, यशवंतांचं नाव आणि त्यांचेच शब्द: ‘बाईंची दगड बघायची जागा. घाई करू नये.’

“हेच द्या,” ती कशीबशी म्हणाली.

“काय आहे तिथं?”

“तिथं मला दम लागायचा,” तिनं पहिल्यांदाच कबूल केलं.