ताण

बाजीराव मोगऱ्याच्या डब्यापुढे पाटावर बसला होता आणि त्याच्या हातात तांब्या होता. विजयमाला कामावरून येत होती. ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. त्याने डावीउजवीकडे पाहिलं, तांब्या वाकडा केला आणि डब्यात बारीक धार सोडली.

"अवो," ती म्हणाली.

धार थांबली.

"सांडलं," बाजीराव म्हणाला.

"काल बी सांडलं हुतं. परवा बी. रोज बरोबर डब्यातच कसं सांडतंय?"

ती खाली बसली आणि तिने मातीत बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत ओलं झालं. काल-परवाचं सांडणं सोडलं तर बारा दिवस डबा कोरडा ठेवला होता, म्हणजे तसं तिला वाटत होतं. आता तिच्या लक्षात आलं की तो एक दिवसही कोरडा नव्हता.

चूक तिचीच होती. दिवाळीत ती सहज बोलून गेली होती की दाराशी मोगरा असावा. तेव्हा बाजीराव नुकताच घरी बसला होता. सव्वीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहिली आणि मग एक दिवस पाठ धरली. डॉक्टरने सांगितलं, आता दोन किलोसुद्धा उचलायचं नाही. ती मोगऱ्याचं बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो नेरूळ स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून मोगरा घेऊन आला, आणि घरातला तेलाचा रिकामा डबा त्याने स्वतः भोकं पाडून तयार केला.

मोगऱ्याला त्याने चहाचा चोथा घातला. अंड्याची टरफलं घातली. मासे धुतलेलं पाणी घातलं, त्या वासाने आठ दिवस सगळ्या गल्लीतली मांजरं दाराशी बसली. गावाहून भावाकडून युरिया मागवला. सकाळी ऊन इकडे म्हणून डबा इकडे, दुपारी तिकडे म्हणून तिकडे, आणि संध्याकाळी स्वतः पाठ शेकत कॉटवर. पाणी दिवसातून पाच वेळा. मोगरा दाराच्या कडीपर्यंत पोचला, नुसता हिरवागार. कळी एक नाही. मग पानं पिवळी पडू लागली, तेव्हा त्याने पाणी वाढवलं.

शेवटी करावे गावच्या कोळणीने, प्रेमलाने पाहिलं. ती दर बुधवारी मासे घेऊन यायची. टोपली उतरवून ती म्हणाली होती, "लय लाड केलंस गो. पाला काढ, शेंडं काप, नि पंधरा दिस पानी दावू नको. तान लागली का कल्या येतील."

विजयमालाने त्याच दिवशी कात्री चालवली. बाजीराव तोंड फिरवून बसला होता.

"शेतकऱ्याच्या घरात जन्मलाय तुमी," आता ती म्हणाली. "झाडाला ताण द्यायचा असतो ते मी सांगायचं? का त्या कोळणीनं?"

"ठावं हाय मला."

"मग?"

"ताण दे म्हणायला काय जातंय तुझं. नुसत्या काड्या राहिल्यात."

"राहू द्या काड्या. मरत न्हाई ते. तुमच्या पाण्यानं मात्र मरंल." तिचा आवाज चढला. शेजारच्या खोलीत वर्ल्डकपची मॅच चालू होती, तिथल्या एकाने दारातून डोकं काढून पाहिलं आणि परत आत घेतलं. "सकाळधरनं दोनशे पोळ्या लाटून आली मी. घरी येऊन हेच बघायचं? एक काम तुमाला सांगितलं, ते बी काही करायचं न्हाई हेच. तेवढं बी जमंना?"

बाजीरावने तांब्या मांडीवर ठेवला.

"पाणी बी द्यायचं न्हाई," तो हळू म्हणाला, "तर मी दिवसभर करू काय?"

विजयमाला उंबऱ्यावर टेकली. खाडीवरून येणारं खारट वारं सुटलं होतं आणि तिच्या पदराला लागलेलं पीठ उडत होतं. तिने त्याच्या मांडीवरचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"आमच्या पोळीभाजी केंद्रावर मटार सोलायला माणूस मिळत न्हाई," ती तोंड पुसत म्हणाली. "बायका चार दिस येत्यात आणि जात्यात. मालकीण रोज आमच्यावर वैतागती."

"मग मी काय करू त्याला?"

"काही न्हाई. सांगितलं आपलं."

"बायकांत बसून मटार सोलू?"

"मी कुठं म्हटलं सोला. खुर्ची हाय तिथं पाठीची, एवढंच म्हणती."

ती उठली, आत गेली आणि स्टोव्हला काकडा लावला. चहाचं पाणी ठेवलं. मघाचा राग अजून हातात होता, त्यामुळे डबे जरा जोरातच वाजत होते. बाहेर मॅच बघणाऱ्यांनी ओरडा केला, कोणीतरी बाद झालं असावं.

ती त्या केंद्रावर जायला लागून चार वर्षं झाली होती. ती उठायची तेव्हा बाजीराव मार्केटला निघून गेलेला असायचा, आणि दिवाळीनंतर ती निघायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

चहा उकळला तेव्हा दारातून त्याचा आवाज आला.

"सकाळी किती वाजता निघतीस तू?"