सतरा मिनिटं

घड्याळजींचा व्हिसा अकरा वाजून बारा मिनिटांनी नाकारला गेला. पण ती गोष्ट नंतर घडलीच नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

"अकराची वेळ होती तुमची," दूतावासाच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला. डब्याची पिशवी त्याने सकाळपासूनच खांद्याला अडकवलेली होती. "दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की अर्ज बाद. आता सहा महिन्यांनी या."

मुलीचं लग्न बारा दिवसांवर होतं, आणि ते याच कारकुनाच्या देशात होतं. घड्याळजींनी मनगटावर पाहिलं. अकराला पाच कमी. मग त्यांनी भिंतीवर पाहिलं. अकरा बारा. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. व्हिसामुळे नाही, घड्याळामुळे.

"साहेब, तुमचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे आहे."

"काका, दाराच्या बाहेर तुमचा देश. दाराच्या आत आमचा. आमच्यात अकरा बारा झालेत."

"तुमच्या देशात आत्ता पहाटेचे साडेपाच झाले असतील," घड्याळजी म्हणाले. "म्हणजे मी साडेपाच तास लवकर आलोय."

कारकुनाने यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"ते खातं वेगळं," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. शिक्क्यात वेळही उमटली.

मागच्या बाकावर घड्याळजींची बायको बसली होती. तिचा व्हिसा गेल्याच आठवड्यात झाला होता.

"झालं! पोरीच्या लग्नातही मी एकटीच," ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली. "आमच्या स्वतःच्या लग्नात हे हॉलचं घड्याळ दुरुस्त करत होते. सगळ्या फोटोंत मी आणि एक रिकामी खुर्ची."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आत्ताही एक खुर्ची हलते आहे. घड्याळजी ती भिंतीकडे ओढत नेत होते. चुकीचं घड्याळ मागे टाकून निघून जाणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "कामावर उशीर होतो हो, घड्याळ पाच मिनिटं पुढेच लावून द्या." त्याला त्यांनी हातातल्या चहासकट दुकानाबाहेर काढलं होतं.

ते खुर्चीवर चढले. पहारेकरी धावत आला.

"उतरा खाली! परराष्ट्राच्या वेळेत ढवळाढवळ करताय!"

"थांबा!" कोपऱ्यातून आवाज आला.

कोपऱ्यात एक टेबल होतं. वर पाटी होती, 'सांस्कृतिक देवाणघेवाण कक्ष'. सहा वर्षांत तिथे दोनच माणसं आली होती, आणि दोघांनाही स्वच्छतागृह हवं होतं. टेबलामागच्या बाईंनी कोरी नोंदवही छातीशी धरली होती.

"भिंतीवरच्या सगळ्या वस्तू माझ्या कक्षात येतात. हे प्रात्यक्षिक आहे. काका, कला कोणती?"

"घड्याळदुरुस्ती."

"पारंपरिक?"

"वडीलही हेच करायचे."

"पारंपरिक," बाईंनी लिहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आपला अर्ज कशाला अडवून घ्या, म्हणून रांगेतल्या लोकांनीही वाजवल्या. मग पहारेकऱ्यानेही वाजवल्या.

घड्याळजींनी घड्याळ उतरवून कानाला लावलं. मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, पुन्हा ऐकलं.

"तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणाले. "हे बिघडलेलं नाही. याला कुणीतरी मुद्दाम पुढे ढकललंय."

खिडकीमागे कारकुनाला खोकला आला.

घड्याळजींनी मागची कळ फिरवली आणि घड्याळ परत भिंतीवर लावलं. अकराला दोन कमी. बाईंनी लगेच त्याखाली कार्ड चिकटवलं, 'कलाकृतीस हात लावू नये'. घड्याळजी खुर्ची जागेवर ठेवून खिडकीपाशी गेले.

"अकराची वेळ आहे माझी," ते म्हणाले. "जरा लवकरच आलोय."

कारकुनाने भिंतीकडे पाहिलं. हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावरचा नकार अजून चौदा मिनिटांनी व्हायचा होता. न झालेल्या वेळेचा शिक्का मारणं हा त्याच्या देशात गुन्हा होता, आणि दाराच्या आत त्याचाच देश होता. त्याने कागदाचे चार तुकडे केले, खिशात घातले आणि नवा कागद घेतला.

अकरा वीसला व्हिसा झाला. पासपोर्ट देताना कारकून काहीतरी बोलणार होता, पण मागे सांस्कृतिक कक्षाच्या बाई उभ्या होत्या. त्या घड्याळाकडे पाहून डोळे पुसत होत्या.

बाहेर, आपल्या देशात आल्यावर, बायकोने पासपोर्ट काढून घेतला.

"तिथल्या हॉलमधल्या घड्याळाला बोट जरी लावलंत ना, तर बघा."

"बरोबर असलं तर नाही लावणार," घड्याळजी म्हणाले.

तिने पासपोर्ट उघडला, तसा आतून घडी केलेला एक कागद पडला. ताजी शाई, कारकुनाचं अक्षर. घड्याळजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं.

'विषय : भिंतीवरील घड्याळाबाबत. महोदय, कार्यालय सव्वापाचला सुटते व माझ्या घराकडची बस पाच वाजून पाच मिनिटांनी. पुढची बस थेट साडेसातला. या कारणास्तव सदर घड्याळाने गेली नऊ वर्षे चोख सेवा बजावली आहे. आजपासून ते कलाकृती झाल्याने त्यास हात लावण्याचा अधिकार फक्त कलाकारास, म्हणजे आपणांस आहे. तरी लग्नकार्य आटोपून परत येताच आपण सदर घड्याळ कृपया पूर्ववत बिघडवून द्यावे, ही नम्र विनंती.'