ओट्यावरची राखण

"आईला एकटीला टाकून कशी जाशील?" एवढं बोलून ललितने मफलर गुंडाळला आणि तो आपल्या औषधाच्या दुकानात निघून गेला.

कीर्ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. पालघरजवळ समुद्रकाठच्या शिरगावला तिचे वडील, दादा, वाडीत पाय घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. भाऊ शैलेश सकाळीच म्हणाला होता, "दादा सारखं तुझंच नाव घेतात. येऊन जा."

जव्हारला लोक हौसेने थंडी खायला येतात आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरतात. कीर्तीला उतरता येत नव्हतं. लग्न झाल्यापासून तिच्या नशिबी स्वेटर, धुकं आणि बाजाराच्या दिवशी मिळणारे सुके बोंबील. कुणीतरी आपल्याला माळ्यावर चढवून शिडी काढून घेतली, असं तिला वाटायचं.

त्यात राखणीला सासू. जमना उजाडायच्या आत शाल पांघरून ओट्यावर बसायची. समोरच एसटी स्टँड. पालघरमार्गे बोईसरला जाणारी पहिली गाडी वळणाआड गेली की मगच आत येऊन चहा ठेवायची. गुडघे धरले तरी चुकवायची नाही. वर कंडक्टरला हटकून विचारायची, "उद्या गाडी हाय ना रे?" पोलिसानेसुद्धा इतक्या इमानाने पहारा केला नसता.

"आई, दादा पडलेत," कीर्तीने दुपारी सांगितलं.

बोंबील साफ करणारे जमनाचे हात थांबले. "हाड मोडलं?"

"हो. मला जायचंय."

"ललित काय बोलला?"

"नको बोलला." कारण तिने सांगितलं नाही. तुमच्यामुळे, असं तोंडावर कसं म्हणायचं?

जमना पुन्हा बोंबलांची डोकी मोडू लागली. "मी चिंचणीची, बोईसरच्या पुढची. माझी आई गेली, तवा पण मी गेले नाय."

कीर्तीला रागाने रडू आलं. स्वतः गेली नाही, आता मलाही सोडणार नाही. तिने दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि पिशवी सरपणामागे लपवली.

मग रोज पहाटे ती दाराच्या फटीतून बघायची. ओट्यावर शाल दिसायची. ती मुकाट्याने मागे फिरायची.

एके दिवशी ओटा रिकामा होता.

धुकं इतकं दाट होतं की स्टँडही दिसत नव्हता. म्हातारीला थंडी बाधली असणार. सासूच्या खोलीचं दार बंद होतं. कीर्तीने पिशवी उचलली, चपला हातात घेतल्या आणि धावत जाऊन गाडीत बसली. डोक्यावरून पदर ओढून तिने मान खाली घातली.

गाडी सुटली. ललितच्या दुकानाचं बंद शटर मागे पडलं, वळण गेलं, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. आज दादा दिसणार होते.

"पालघर एक," ती म्हणाली.

तिकीट देऊन कंडक्टर मागच्या सीटकडे वळला आणि हसला. "काय आजी, आज आत बसलात?"

"बोईसर दे."

कीर्तीने वळून पाहिलं. शालीतून जमनाचा चेहरा बाहेर आला होता. मांडीवरची पिशवी तिने छातीशी धरली होती.

"ललितला सांगू नको गं," ती हळूच म्हणाली. "जायचं नाव काडलं की तो एकच बोलतो, कीर्तीला एकटीला टाकून कशी जाशील?"