भरोशाचा माणूस

मालेगावात राजपालचं दाढी-कटिंगचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांसाठी तिथे दिवसभर टीव्ही चालायचा. त्या दुपारी लागलेल्या सिनेमात बायका आणि पुरुष दोन्ही आवडणारा एक माणूस होता. दिसेल त्याच्यामागे धावणारा, शेवटी बायकोला फसवून पळणारा. बाकावरचे सगळे खिदळत होते.

एरवी अशा वेळी राजपालच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. मग घरी गेल्यावर त्याला जेवण जायचं नाही. "मी बी तुले असाच फसवीन काय वं?" असं तो बायकोला विचारायचा. लग्नाआधीच त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलेली चंदा नऊ वर्षं एकच उत्तर देत आली होती, "तुले जास्त कोन वळखते, मी का तो सिनेमावाला?"

आज खुर्चीतले शेषरावकाका फेसातूनच म्हणाले, "अशा माणसाचा काई भरोसा नसते, राजपाल."

राजपालचा वस्तरा त्यांच्या गळ्यावर थांबला.

"मी बी तसाच हाव, काका. मले बाई बी आवडते अन् माणूस बी. हालू नोका, लागन."

काका हालले नाहीत.

"बारा वर्षं झाले, तुमी हे मान माह्या हाती देऊन राह्यले," राजपाल म्हणाला आणि उरलेली दाढी त्यानं नेहमीसारखीच हळुवार उतरवली.

बाकावरचा एकजण घाईघाईनं टीव्ही बंद करायला उठला.

"राहू द्या," राजपाल म्हणाला. "अन् हासाचं असंन, तं आता माह्याकडं पाहून हासा."