विळ्याची खूण

"काकू, मी चोरी केली," यशवंतराव म्हणाले आणि चहाची बशी खाली ठेवली.

बयनाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "काऊन रे बाबू? तुले काय कमी होतं?"

आदिलाबादपासून बेल्यापर्यंत बसमध्ये यशवंतरावांनी हे एकच वाक्य घोकलं होतं. दहा वर्षं ते विद्यापीठात बौद्ध नीतिशास्त्र शिकवत होते. पंचशीलातलं दुसरं शील, न दिलेलं घेऊ नये, आलं की दर वेळी त्यांची जीभ अडखळायची.

बयनाबाईंचे यजमान नागोराव गुरुजी हे यशवंतरावांचे शाळेतले मास्तर. पायाने अधू. एक्याऐंशी साली ते वारले. भेटायला आलेल्या यशवंतरावांना गुरुजींच्या ट्रंकेत वह्या सापडल्या. बेल्यापासून पार नार्नूरपर्यंतच्या चाळीस शेतमजुरांचे जबाब! कोणी बघत नसताना तुम्ही खोटं का बोलत नाही, एवढाच प्रश्न. प्रत्येक उत्तराखाली अंगठा. अधू पाय ओढत गुरुजींनी गावोगाव केलेली ती मेहनत यशवंतरावांनी गुपचूप पिशवीत घातली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाने प्रबंध लिहिला.

प्रबंध गाजला, त्याचं पुस्तक निघालं. अंगठ्यांवरचं प्रकरण तर परीक्षकांनी डोक्यावर घेतलं. चाळीसही ठशांवर एकच तिरपी रेघ होती, विळ्याने कापल्याची. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण कष्टाने सगळ्यांच्या हातावर एकच खूण केली, असं यशवंतरावांनी लिहिलं होतं. तेवढं प्रकरण त्यांचं स्वतःचं. त्याचा त्यांना अजूनही अभिमान होता.

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती आणि त्यांना झोप लागेनाशी झाली होती.

त्यांनी पिशवीतून कागद काढला. "यात सगळं कबूल केलंय, काकू. पुस्तक गुरुजींचं, चोर मी. खाली त्यांची वारस म्हणून तुमचा अंगठा हवा. माझी नोकरी जाईल बहुतेक. जाऊ दे. गुरुजींचं खरं काम त्यांच्या नावावर लागू दे."

"गुरुजीचं नाव छापून येईन?" बयनाबाईंचे डोळे भरून आले. "लय हौस होती रे त्याइले."

यशवंतरावांनाही रडू फुटलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना मोकळं वाटत होतं. डोळे पुसत त्यांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

कसा लावायचा हे बयनाबाईंना सांगावं लागलं नाही. डावा अंगठा त्यांनी शाईवर घोळवला, कागदावर टेकवला आणि अलगद उचलला. ठसा स्वच्छ उमटला. मधोमध एक तिरपी रेघ.

"बस, एकच?" पदराला अंगठा पुसत त्या म्हणाल्या. "गुरुजीनं तं एका बैठकीत चाळीस लावून घेतले होते."