तृणाद मुनींची पोथी

“मुनींनी आश्रमात आलेल्या अतिथींस तमाखू दिला, असे येथे म्हटले आहे.” ज्ञानेश्वरशास्त्र्यांनी पोथीचे पान अलगद प्रतीक्षेपुढे सरकवले. “तमाखू समुद्रापलीकडून आला, तोही फिरंग्यांच्या काळात. मग ही पोथी दोन हजार वर्षांची कशी?”

प्रतीक्षा त्यांची जुनी विद्यार्थिनी. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात ती इतिहास शिकवी. नेमणूक अजून तात्पुरती. संस्थेचे अध्यक्ष किसनराव पांगरवाडीचे. तेथे पैनगंगेकाठी तृणाद मुनींचे देऊळ होते. देशातील पहिल्या राजाला याच मुनींनी याच काठी अभिषेक केला, असे देवळातील पोथी सांगे. ती एकुलती एक हस्तलिखित प्रत किसनरावांना छापायची होती. ती दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे प्रतीक्षेने प्रस्तावनेत सिद्ध केले, तरच तिची नेमणूक कायम होणार होती.

“आणखी काय खटकतं, गुरुजी?”

“आश्रमाभोवती मक्याची शेते आहेत. मकाही परकाच. आणि अभिषेक म्हणे रविवारी झाला. वारांची गणना आपल्याकडे पुष्कळ नंतर रूढ झाली.”

“आणि हे श्लोक नसते तर?”

शास्त्री गोंधळले. “नसते तर शंकेला जागाच उरली नसती. पण ते आहेत.”

“आहेत,” ती हळूच म्हणाली आणि लिहू लागली.

शास्त्र्यांच्या पत्नी वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. “काऊन वं पोरी, पोथी पाहून राह्यली का नवरी? एवढी खोट तर सोयरेबी काढत नाहीत.”

प्रतीक्षा हसली, पण ते हसू ओठांवरच राहिले. मग तिने जपानची हकीकत सांगितली. तिकडे पहिला सम्राट सूर्यदेवतेचा वंशज, असे राज्यकर्ते सांगत आणि शाळेत तोच इतिहास म्हणून शिकवीत. एका अभ्यासकाने जुने ग्रंथ तपासून लिहिले, की या कथा दरबारात मागाहून रचल्या गेल्या. त्याच्या पुस्तकांवर बंदी आली, खटला झाला, अध्यापन सुटले.

“आणि बाकीचे पंडित?” शास्त्र्यांनी विचारले.

“काही गप्प बसले. काहींनी हवं ते लिहून दिलं.”

“त्यांचे काय झाले?”

“त्यांच्या नोकऱ्या राहिल्या, गुरुजी.”

शास्त्र्यांना त्या रात्री झोप लागली नाही. मौंजीपासून ते तृणाद मुनींचे स्तोत्र रोज म्हणत आले होते. वडिलांनीही तेच म्हणत देह ठेवला. त्या पोथीविरुद्ध साक्ष देणे म्हणजे आपल्याच देवाविरुद्ध उभे राहणे. पण देवाच्या तोंडी खोटे घालणे, हे त्याहून मोठे पातक नव्हे काय? त्यांची मती चालेना. मात्र या पोरीला एकटी सोडणे त्यांच्या मनाला मुळीच पटेना.

सकाळी ती आली, तेव्हा ते म्हणाले, “मुनी झाले की नाही, ते मी जाणत नाही. पोथी अलीकडची आहे, एवढे मात्र सांगेन. वेळ आली तर किसनरावांच्या तोंडावर सांगेन.”

प्रतीक्षेने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते तिने लवकर उचलले नाही. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मनाचा निश्चय होताना माणसाचे असेच होते, असे शास्त्र्यांना वाटले.

प्रकाशनाच्या दिवशी ते किसनरावांचा क्रोध झेलण्याच्या तयारीनेच पांगरवाडीस गेले. किसनराव हात जोडून सामोरे आले.

“या, गुरुजी, या. पोरीनं सांगतलं मले, तुमी किती बारकाईनं पाह्यलं ते. आता बोट दाखवाची कोणाची टाप नाही.”

शास्त्र्यांना काहीच उमगेना. त्यांनी प्रतीक्षेला बाजूस घेतले. “सगळे लिहिलेस ना?”

“तुमचा एक शब्दही मी वाया जाऊ दिला नाही.”

“मग नेमणूक?”

“कायम झाली.”

शास्त्र्यांचा विश्वास बसेना. सत्य छापले आणि अध्यक्षांनी वर नोकरीही दिली? मग त्यांचे मन भरून आले. काळ अगदीच वाईट नाही, असे म्हणायचे.

जीर्ण पोथी रद्दीत जाऊ द्यायची नसते; ती नदीला अर्पण करतात. तो मान वडीलधाऱ्याचा. शास्त्र्यांनी रेशमी वस्त्रातली ती जुनी प्रत मस्तकी लावली, गुडघाभर पाण्यात उतरले आणि मंत्र म्हणत प्रवाहात सोडली. भिजलेली पाने क्षणभर तरंगली, मग खाली गेली.

काठावर कोणी तरी नवी प्रत त्यांच्या हाती ठेवली. देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी शांतपणे पारायण आरंभले. अतिथींचा सत्कार झाला, तमाखू नव्हता; आश्रमाचे वर्णन आले, मका नव्हता; राजाला अभिषेकही झाला, वार नव्हता. अखेरच्या पानापर्यंत त्यांना एकही दोष सापडला नाही.