नव्या भिंतीला भोक

वास्तुशांत होऊन महिना उलटला नाही, तोच सुकन्यानं नव्या भिंतीला भोक पाडायचा हट्ट धरला. वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हतं. बाळाच्या पाळण्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर सारखं अडकायचं, अन् स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तिचा जीव वरखाली व्हायचा.

"घरात येवढी मान्सं असताना लेकराला वायर कावून लागती?" सासूबाई चतुराबाई ताज्या रंगाकडं बघत हळहळल्या. पण चौसाळ्याचा तानाजी वायरमन आला, त्यानं ड्रिल मारलं अन् हॉलमधून थेट पाळण्यापर्यंत केबल ओढली. चित्र असं लख्ख आलं, की बाळाची पापणी हललेलीसुद्धा दिसावी. सुकन्याची नजर मोबाइलवरून हलेना. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी चित्र काळंठिक्कर पडलं. पिठाच्या हातानंच ती धावली. बाळ निवांत झोपलेलं. तानाजीला पुन्हा बोलावलं. त्यानं केबल तपासली, दोन्ही टोकं नव्यानं बसवली. काही फरक नाही. शेवटी त्यानं कॅमेऱ्याच्या काचेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"वहिनी, काजळ हाय हे!"

"मीच लावलं," पाळण्याची दोरी न सोडता चतुराबाई म्हणाल्या. "लेकराला रोज तीट लावतेच की मी. पर दिसभर टक लावून बघतंय कोन? दृष्ट सगळ्यात आधी आईचीच लागती, बाई. म्हनून आज तुझ्याच डोळ्याला लावली."